कान्हेरीतला उपास

कान्हेरीला जायचं ठरलं ते माझ्या मैत्रिणीच्या आईसाठी. मैत्रीण ऑफिसातली, शेजारच्या टेबलावरची. फोर्टातल्या त्या ऑफिसात आम्ही दोघी एकाच सुमाराला लागलो आणि तिथेच केस पांढरे केले. ती नायगावची, मी गिरगावची. तिच्या घरचे बौद्ध. तिची आई वर्षातून एकदा तरी कान्हेरीच्या लेण्यांत जाऊन यायची. आधी वस्तीतल्या बायकांबरोबर टेम्पोने, नंतर मुलीबरोबर. अलीकडे गुडघ्यांमुळे ते राहून गेलं होतं. मैत्रिणीने चाळिशी उलटल्यावर गाडी शिकून एक छोटी गाडी घेतली होती. थंडी आहे तोवर आईला नेऊन आणते, तूही चल, असं ती मला फोनवर सांगत होती. फोन स्पीकरवर होता. माझ्या समोरच माझी आई मटार सोलत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "गाडीत अजून एक जागा आहे का?"

मैत्रीण हसली. काकू, तुमच्यासाठी पुढची सीट, म्हणाली.

मला ते नको होतं. आई पंचाहत्तरीच्या पुढची, पायऱ्या चढायच्या, ऊन, माकडं, अशी सगळी कारणं मी तिला सांगितली. खरं कारण सांगितलं नाही. खरं कारण एक कप होता.

मी लहान असताना आमच्या चाळीत जिना आणि गॅलरी झाडायला एक बाई यायची. तिचा कप वेगळा होता. कान तुटलेला, गॅलरीतल्या कोनाड्यात पालथा घातलेला. आई त्यात जरा उंचावरून चहा ओतायची. त्या बाईला आईने कधी वाईट शब्द बोललेला मला आठवत नाही. तिच्या मुलीच्या लग्नात चांगली साडी दिली होती. पण कप कोनाड्यातच राहिला. पुढे चाळ पडली, बिल्डिंग उभी राहिली, आम्हाला वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. तो कप कुठे गेला हे मी विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही. मैत्रीण घरी यायची तेव्हा आई तिला आमच्याच कपातून चहा द्यायची, तरी दर वेळी माझं लक्ष आधी कपाकडे जायचं. आणि मैत्रिणीकडचं काही खायची वेळ आईवर कधी आली नव्हती. ती मी येऊ दिली नव्हती, हे आता कळतं.

रविवारी सकाळी मैत्रीण आपल्या आईला घेऊन गिरगावात आली. मावशी ठेंगण्या, सावळ्या, पांढऱ्या सुती साडीत होत्या. मांडीवर मोठी कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी डिकीत ठेवू दिली नाही. आईला पुढे बसायचं नव्हतं. दोघी म्हाताऱ्या मागे बसल्या आणि मी पुढे.

गाडी दादर ओलांडेपर्यंत मागे गप्पा रंगल्या होत्या. आईने विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" गावानंतर आडनाव, आडनावानंतर आणखी काही. मी लगेच मागे वळून म्हटलं, आई, बघ किती टॉवर झाले, ओळखू येत नाही ना काही. आईने टॉवरांकडे पाहिलं आणि पुन्हा मावशींकडे वळली. मावशी दापोलीकडच्या निघाल्या. आईचं माहेर रत्नागिरीकडचं. मग दोघी आंब्याच्या मोहोराबद्दल बोलायला लागल्या. त्यानंतरही आईने एकदा, तुमचे मिस्टर कुठे होते कामाला, असं विचारलं आणि मी पुन्हा मध्ये पडले, एसी कमी करू का, लागतोय का तुम्हाला. मैत्रिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, रस्ता बघायला पाहिलं असेल.

पार्काच्या गेटाशी गाडी लावून आम्ही आतल्या बसने वर गेलो. बसमधून उतरलो तिथे काकड्या आणि पेरू विकणाऱ्या आदिवासी बायका बसल्या होत्या. मावशींनी त्यांच्याकडे बघून हात केला, जणू ओळखीच्याच.

कान्हेरी मी शाळेच्या सहलीत पाहिली होती. तेव्हाचं काही आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की सगळं मोठं होतं. आताही ते मोठंच होतं. काळा डोंगर, आणि त्या डोंगराच्या अंगातच कोरून काढलेला विहार. कुणी दगड आणून रचलेले नाहीत; डोंगर आहे तिथून नको तेवढा काढून टाकलाय आणि जे उरलं त्यात माणसं राहिली. पहिल्या मोठ्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना उंच बुद्धमूर्ती उभ्या आहेत, मान वर करून बघाव्या लागतात. आत खांबांच्या दोन रांगा आणि टोकाला स्तूप. मावशींनी चपला बाहेर काढल्या. आईनेही काढल्या. मी काढू की नको अशी घुटमळले आणि शेवटी काढल्या.

स्तूपासमोर मावशी खाली बसल्या. गुडघे दुमडेनात, तर पाय एका बाजूला घेऊन. डोळे मिटून त्रिशरण म्हणायला लागल्या. आवाज मोठा नव्हता, पण त्या दगडात तो फिरून परत यायचा आणि मागच्या ओळीवर पुढची ओळ चढायची. सेल्फी काढणारी दोन मुलं आपण होऊन गप्प झाली. आई मावशींच्या शेजारी जाऊन बसली. तिला शब्द येत नव्हते. ती हात जोडून नुसती ऐकत होती. मी लांब खांबापाशी उभी राहून आईवर लक्ष ठेवत होते. ती उठताना काही बोलेल, "छान म्हणता हो तुम्ही" असलं वरच्या पायरीवरून बोलल्यासारखं काही, अशी मला धास्ती होती. उठताना तिने मावशींना हात दिला आणि काहीच बोलली नाही.

मग वरच्या बाजूची छोटी लेणी पाहत आम्ही हळूहळू चढलो. प्रत्येकाला एक ओसरी, आत एक खोली, खोलीत भिंतीलगत झोपण्यापुरता दगडी ओटा, आणि दाराशी पाण्याचं टाकं. आई एका ओट्यावर बसून पाहू लागली. गिरगावच्या खोलीत आम्ही सहा जण होतो, इथे एकेकाला एवढी जागा, असं ती म्हणाली तेव्हा मावशी खूप हसल्या. नायगावच्या त्यांच्या खोलीत अकरा जण राहायचे म्हणे. मीही हसले. त्या वेळी, थोडा वेळ, मी आईची राखण करायचं विसरले होते.

भिक्षू दुपारच्या आत जेवायचे, इथे आले की मीही बाराच्या आत जेवते, असं मावशींनी सांगितलं. म्हणून आम्ही खाली येऊन झाडाच्या सावलीत बसायची जागा शोधली. मैत्रीण माकडांना हाकलायला काठी घेऊन उभी राहिली. मावशींनी पिशवी उघडली. तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या, भरलेली वांगी, चटणी, आणि एका मोठ्या कडीच्या डब्यात गव्हाची खीर. कागदी बशा होत्या. पहिली बशी त्यांनी आईसाठी वाढली. वांगी मुद्दाम लसणाशिवाय केलीत, तुमच्याकडे चालतो की नाही ते माहीत नव्हतं, असं म्हणाल्या आणि बशी आईसमोर धरली.

आईने हात पुढे केला नाही.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. कदाचित क्षणभरच असेल. आईने बशीकडे पाहिलं, मग भाकरीकडे, मग ओठ आवळून इकडेतिकडे पाहिलं, कुठे आडोसा आहे का ते बघितल्यासारखं. तिचा हात मांडीवरच राहिला. मावशींचा हात बशीसकट मध्येच थांबला होता. हेच होणार होतं, हेच मला माहीत होतं, असं मनात आलं आणि मी बोलून गेले, "आईचा आज उपास आहे. एकादशी. सांगायचंच राहिलं बघा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

मावशी म्हणाल्या, अगोबाई, आधी सांगायचं ना, साबुदाणा भिजवला असता. त्यांनी ती बशी माझ्या हातात दिली. मी जेवले. वांगी इतकी चांगली होती की मी दुसरी भाकरी घेतली. खीर घेतली. आई झाडाला टेकून माकडांकडे बघत बसली.

मावशींना मात्र चैन पडेना. एवढ्या उन्हात म्हातारं माणूस उपाशी कसं ठेवायचं, म्हणून गुडघे धरत त्या स्वतः उठल्या आणि खालच्या बायकांकडून मीठ न लावलेल्या काकड्या घेऊन आल्या. काकडी चालते ना ताई उपासाला, असं विचारून त्यांनी सोललेल्या फोडी आईच्या हातावर ठेवल्या. आईने एक फोड तोंडात घातली. बराच वेळ ती तोंडातच होती. नंतर मला दिसलं की उरलेल्या फोडी तिने हळूच पदरात गुंडाळून ठेवल्या होत्या. मला वाटलं, काकडीसुद्धा नाही! माझी मान खाली गेली. मावशींच्या लक्षात आलं का ते बघायचंही मला धैर्य झालं नाही.

परत निघेपर्यंत आईचा चेहरा उतरला होता. बसच्या पायरीवर तिचा तोल गेला आणि मावशींनीच तिला धरलं. गेटाजवळ मैत्रिणीने लिंबू सरबत आणलं, ते आईने घटाघट प्यायलं. गाडीत दोघी बोलल्या नाहीत. आई डोळे मिटून मागे टेकली. मावशींनी तिच्या डोक्याखाली स्वतःची शाल घडी करून ठेवली.

नायगावला मावशी उतरल्या. मैत्रीण त्यांना वर सोडून आली आणि आम्हाला गिरगावला सोडायला निघाली. परळच्या पुलाखालच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती समोर बघतच हळू आवाजात म्हणाली, "एकादशी परवा झाली. आमच्या खालच्या मजल्यावर भजन असतं."

खरं सांगायची ती वेळ होती. मी मागे पाहिलं. आईचे डोळे मिटलेले होते. मी आवाज आणखी खाली आणून म्हटलं, "तुला माहितीये ना गं. जुनी माणसं. आता या वयात काय सांगणार त्यांना."

मैत्रीण "हं" म्हणाली. सिग्नल सुटला. गाडी लालबागच्या पुलावर चढली तेव्हा ती एवढंच बोलली, "आई पहाटे उठली होती."

घरी आल्यावर आईने आधी मोरीत जाऊन तोंड धुतलं. बाहेर आली ती कवळी हातात घेऊन. महिन्याभरापूर्वी तिला नवीन कवळी बसवली होती. तिने ती वाटीत पाण्यात ठेवली, पातेल्यातला सकाळचा भात दह्यात कालवला आणि ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ला. कुणी इतक्या भुकेने जेवताना मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. भात संपल्यावर पातेलं पुसून घेतलं. मग स्टुलावर बसली. दात नसले की तिचं बोलणं मऊ होतं, श आणि स एक होतात. त्या मऊ आवाजात तिने विचारलं, "जुनी माणसं म्हणजे मी का?"

मी दह्याचं भांडं झाकायला वळले.

"आणि उपास कसला काढलास तू माझा?"

मी म्हटलं, "तू हात पुढे केला नाहीस. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

ते वाक्य मला पुरं करता आलं नाही. आईने वाट पाहिली. मग वाटीतल्या कवळीकडे बोट केलं. खालची बाजू हिरडीला टोचते, भाकरी चावली की जीव जातो. आठवडाभर ती घरी मी नसताना कवळी काढून, भाकरी चहात भिजवून खात होती. मला सांगितलं तर पुन्हा दवाखान्याच्या खेपा, म्हणून बोलली नव्हती. तिथे सगळ्यांसमोर दात काढून कुठे ठेवायचे, कसे काढायचे, याची तिला लाज वाटली. आडोसा मिळाला असता तर काढून आली असती. आधी खीर द्या, असं ती मावशींना म्हणणारच होती. तेवढ्यात मी बोलले.

"मग तू लगेच का नाही सांगितलंस, उपास नाहीये म्हणून?" मी विचारलं. इतकं झाल्यावरही मी तिलाच विचारत होते.

"तुला खोटं पाडू का चारचौघांत? त्या बाईसमोर?" ती म्हणाली. "दिवसभर मी तुझी अब्रू राखली, आणि तू गाडीत माझी घालवलीस."

मी नळ गळत होता तो बंद केला. मग तीच म्हणाली, आवाज न चढवता, "तुझ्या मनात तो कप आहे. माहितीये मला. कप होता, मी नाही म्हणत नाही. तुझ्या आजीने ठेवला होता, आणि ती गेल्यावर मी तो काढला नाही. ते माझ्यावर आहे, मी बघेन त्याचं. पण आज मला भूक लागली होती."

त्या रात्री मी स्वतःला बरंच काही सांगून पाहिलं. आईने कप ठेवला होता म्हणूनच मला तसं वाटलं, तेव्हा दोष निम्मा तिचा. मी मावशींचा अपमान टाळायला बोलले, तेव्हा हेतू चांगला. काहीच टिकलं नाही. आईने नकार दिला नव्हता. त्या झाडाखाली मावशींच्या हातची बशी नाकारली होती ती मी. त्यानंतर तीच बशी घेऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. कवळी, खीर, सगळं. जुनी माणसं हे मी बोलले ते आईने ऐकलं, तेही. ती स्क्रीनकडे बघत ऐकत होती. मी थांबल्यावर तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"म्हणजे काकूंचा काहीच प्रश्न नव्हता."

"नाही."

"मग प्रश्न कोणाला होता?"

मी म्हटलं, मला. ती मान हलवत राहिली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग तिने घरचं सांगितलं. आदल्या रात्री तिने आईला समजावलं होतं की सोड, जुनी माणसं असतात. माझेच शब्द तिने आपल्या आईला नेऊन दिले होते. मावशींना ते पटलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, त्या बाईचं सगळं लक्ष खिरीच्या डब्यावर होतं, ज्याला नको असतं तो असा बघत नाही.

"मी आईशी वाद घातला," मैत्रीण म्हणाली. "तुला काही कळत नाही, म्हटलं तिला." एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली. रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर मला बरं वाटलं असतं. दुपारी ती नेहमीसारखी जेवायला हाक मारायला आली. फक्त डबा पुढे करताना, "चालेल ना तुला?" असं विचारलं. इतक्या वर्षांत तिने ते कधी विचारलं नव्हतं. टोमणा होता की नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी घास घेतला.

आईने माझ्याकडून मावशींचा नंबर मागून घेतला. आतल्या खोलीत जाऊन, दार लोटून फोन केला. मला एवढंच ऐकू आलं की ती मध्येच हसली. पुढच्या रविवारी सकाळी ती नवीन साडी नेसून तयार झाली. मी विचारलं तर म्हणाली, नायगावला चाललेय. मी चप्पल शोधायला लागले.

"तू नको येऊस," ती म्हणाली. "तू मध्ये बोलतेस."

मी खाली जाऊन टॅक्सी थांबवली, ड्रायव्हरला पत्ता दोनदा सांगितला. आई मागे बसली, पर्स मांडीवर घेतली. टॅक्सी नाक्यावरून वळेपर्यंत मी फुटपाथवर उभी होते. तिने मागे वळून पाहिलं नाही.

ती संध्याकाळी आली. दिवसभर मी दोन वेळा फोन हातात घेऊन ठेवून दिला होता. मावशींच्या ओळखीचा दातांचा डॉक्टर नायगावातच आहे, त्याला रविवारीही घरी गाठता येतं, त्याने कवळीची खालची कड घासून दिली, असं तिने सांगितलं. मावशींना दोन नाती आहेत, एक वकिली शिकतेय. जेवायला काय होतं तेही सांगितलं. त्या कपाचं तिने मावशींना काही सांगितलं का, हे मला विचारायचं होतं. माझ्याबद्दल काही बोलणं झालं का, हे त्याहून जास्त विचारायचं होतं. ओठांपर्यंत आलेलं मी दोन्ही वेळा परत गिळलं. आईनेही आपण होऊन काही सांगितलं नाही. टीव्ही लावून, पाय वर घेऊन बसली.

आता दोघींचे फोन होतात. आई मधूनमधून नायगावला जाते. तिला टॅक्सीत बसवून द्यायचं काम माझं. मावशी मलाही बोलावतात, असं मैत्रीण सांगते. मी पुढच्या रविवारी म्हणते. त्यांच्यासमोर बसून, त्या दिवशी नाही म्हणणारी मीच होते, हे सांगायचं आहे. त्यांना ते आधीच माहीत असणार, म्हणून सांगणं अधिकच अवघड जातं. अजून गेलेले नाही.